धरणाच्या भिंतीवरचा गुलमोहर

बेरिंबा, क्वीन्सलंड
८ जून १९९७

चि. मर्व्हिन यास,

अ. उ. आ., आणि एक जास्तीचा, कारण आज तुझ्याकडे काम काढलं आहे.

तुझं पत्र पोचलं. निवृत्त झाल्यापासून बागेत मन रमतंय म्हणतोस. हेदरनं मला वेगळ्या पाकिटात कळवलंय की तू दिवसभर तिच्या डोक्यावर मिऱ्या वाटत असतोस आणि मध्येच तिच्या स्वयंपाकघरातल्या फळ्यांचा उतार मोजून गेलास. तेव्हा माझ्यापाशी साळसूदपणा नको.

इथे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, पण मी त्याचं ऐकत नाही. रोवेना आणि जावईबापू दर रविवारी जेवायला येतात. त्यांच्या गॅव्हिननं आता आपत्कालीन पथकात नाव घातलंय. केशरी डगला घालून दर शनिवारी दोरखंडांच्या गाठी मारायला जातो. मुलगा गुणाचा आहे, पण तो डगला दारामागे टांगलेला दिसला की मी तोंड फिरवते. क्लेमही असाच स्वयंसेवक होता. पूर आला त्या दिवशी उभ्या उभ्या चार घास खाऊन लोकांची दारं ठोठवायला गेला, तो परत आलाच नाही. बाप गेला तेव्हा रोवेना शाळेत होती. गॅव्हिनला अडव म्हणून तिला मी काय सांगणार आणि ती काय ऐकणार!

आता मुद्द्याचं. आमच्या धरणावरच्या सगळ्या झाडांवर लाल फुल्या पडल्या आहेत. नगरपालिकेनं अँथिया कॅरस नावाची एक नवी अभियंता आणली आहे, वय असेल तिशीचं. ती आठवडाभर भिंतीवर फिरली, खाली वाकून वाकून बघितलं आणि रंगाचा डबा घेऊन आली. म्हणते, एकही झाड भिंतीवर राहता कामा नये. तुला माहीतच आहे ही झाडं कुणाची आहेत ती. पुरानंतर तीन वर्षांनी धरण उभं राहिलं तेव्हा गेलेल्या प्रत्येक माणसामागे एकेक झाड आम्ही आमच्या हातांनी भिंतीच्या उतारावर लावलं. दर अकरा फेब्रुवारीला ओढ्यातून बादली भरायची, भिंत चढायची, आपल्या माणसाच्या झाडाला पाणी घालायचं आणि मग चादरी पसरून चहा आणि लॅमिंग्टनचे केक. तू दोनदा आलायस बादलीच्या दिवसाला. दुसऱ्यांदा अर्धी बादली स्वतःच्या बुटात ओतलीस.

क्लेमचा गुलमोहर आता घराएवढा झालाय. नोव्हेंबरात फुलला की मला ओट्यापाशी उभ्या उभ्या खिडकीतून लालभडक दिसतो. त्यावर त्या पोरीनं फुली मारली आहे! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

नगरपालिकेनं तेव्हा शब्द दिला होता की त्या त्या घराच्या होकाराशिवाय झाडाला हात लागणार नाही. त्या शब्दावर आम्ही अडून बसलोय. झाडांच्या मंडळाची मी अध्यक्ष, त्यामुळे सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. तू जन्मभर टास्मानियात धरणं बांधलीस. एक चांगलं खणखणीत पत्र लिही की झाडांची मुळं माती घट्ट धरतात, झाडांमुळेच भिंत मजबूत आहे. खाली सही आणि हुद्दा ठळक घाल. ती पोर गप्प बसेल.

फोन करू नकोस. फोनवर मला नीट भांडता येत नाही.

हेदरला प्रेम. आशीर्वाद चालूच आहेत, पत्र मात्र लवकर येऊ दे.

तुझी ताई,
नोला

---

लॉन्सेस्टन, टास्मानिया
१९ जून १९९७

ती. ताईस,

सा. न. वि. वि. फळ्यांचा उतार खरोखर चुकीचा होता. बशा घरंगळत होत्या. हेदरनं हे तुला कळवलं नसणार.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. बागेत गेलो, परत आलो, पुन्हा वाचलं. ताई, तू म्हणतेस तसं पत्र मला लिहिता येणार नाही. अँथिया कॅरसच्या जागी मी असतो तर मीही लाल रंगाचा डबाच उचलला असता.

रागावण्याआधी ऐकून घे. डोंगरउतारावर मुळं माती धरून ठेवतात हे खरं आहे, म्हणून सगळ्यांना वाटतं की धरणावरही तसंच होत असेल. पण डोंगराच्या पाठीशी पाणी टेकून उभं नसतं. मातीच्या धरणात एका अंगानं पाणी रेटत असतं, आणि ते सारखी वाट शोधतं. मुळाच्या कडेनं त्याला ती सापडते. झाड मेलं तर आणखी वाईट. मूळ आत कुजतं आणि भिंतीत आयती नळी तयार होते. पाणी त्या नळीतून माती बाहेर ओढतं, नळी रुंद होते, आणि मग भिंत बसायला फार वेळ लागत नाही.

तुमचं धरण पूर अडवण्यापुरतं. एरवी कोरडं, खाली ओढ्याचं पाणी जायची मोरी कायम उघडी, आत पोरं फुटबॉल खेळतात. म्हणून हे दुखणं कुणाच्या नजरेला पडत नाही. टास्मानियात आमची धरणं बारा महिने भरलेली असायची, कुठे पाझर फुटला की दुसऱ्या दिवशी कळायचं. तुमची भिंत वर्षानुवर्षं कामाविना उभी असते आणि मग एका दिवसात तिची परीक्षा होते. तिच्याखाली तुझं घर आहे, रोवेनाचं घर आहे, अख्खा खालचा बेरिंबा आहे.

माझं ऐकायचं नसेल तर ऐकू नकोस, स्वतःच्या डोळ्यांनी बघ. आयरिस व्हिटलॉकच्या आईचं वॉटलचं झाड तीन वर्षांमागे वठलं असं तूच लिहिलं होतंस. पुढच्या खेपेला धरणात पाणी साचलं की त्या झाडाखाली, भिंतीच्या पायथ्याशी जा. पाणी पाझरत असेल तर काचेच्या बरणीत धर आणि थोडा वेळ हलवू नकोस. नितळ राहिलं तर एकवेळ ठीक. खाली गाळ बसला तर भिंत आतून झिजते आहे.

क्लेमच्या झाडाबद्दल असं लिहिताना मला काय वाटतंय ते तुला माहीत आहे. माझ्या लग्नात त्याच्याइतकं कुणी नाचलं नव्हतं.

राग आला तर पत्रातून काढ, पण पत्र पाठव. लोभ कमी करू नये.

तुझा धाकटा,
मर्व्ह

---

बेरिंबा
२७ जून १९९७

श्री. मर्व्हिन पॅस्को, निवृत्त अभियंता, यांस,

आशीर्वाद या खेपेला शिल्लक नाहीत.

सख्ख्या भावाकडे एक पत्र मागितलं, तर त्यानं मला मातीच्या धरणांवर व्याख्यान दिलं! आयरिसला वाचून दाखवलं. ती म्हणाली, पुरुष निवृत्त झाला की त्याला कुणाला तरी शिकवायची खाज सुटते. मी तिला दुजोरा दिला.

मंडळाची बैठक झाली. होकार द्यायचा नाही असं सगळ्यांनी ठरवलं. शेजारच्या गल्लीत सिडनीहून एक जोडपं राहायला आलंय. त्यांनी उभं राहून विचारलं की धरण बिघडलंय का, कारण त्यात पाणीच दिसत नाही, आणि पाणी भरून ठेवलं तर होड्या चालवता येतील. तुझा सगळा शहाणपणा त्यांना पाठव, माझ्याकडे नको.

माझ्या माणसाची जागा म्हणून मला ते एक झाड आहे, मर्व्ह. स्मशानात त्याचं नाव दगडावर आहे, पण तिथे मला कधी काही वाटलं नाही. झाडाखाली वाटतं. हे तुझ्या हिशोबात कुठे बसतं?

भोपळ्याच्या स्कोनची कृती हेदरला पाठवणार होते. आता नाही पाठवत.

नोला हार्टिगन

---

लॉन्सेस्टन
९ जुलै १९९७

ती. ताईस,

सा. न. तू स्वीकारला नाहीस तरी इथून निघालाय.

हेदर माझ्याशी बोलत नाही. स्कोनची कृती माझ्यामुळे गेली असं तिचं म्हणणं.

तू विचारलंस की झाडाखाली तुला जे वाटतं ते माझ्या हिशोबात कुठे बसतं. बसत नाही. मी खोटं कशाला सांगू? पण मला दुसरं एक आठवतं. पुरानंतर आठवड्याभरानं मी तुझ्याकडे आलो होतो. तू ओट्याशी उभी होतीस आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होतीस, त्याला कुणी जायला सांगितलं होतं, त्याला कुणी जायला सांगितलं होतं. तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आज सुचतं. ओढ्यानं त्याला जायला लावलं, कारण अडवायला वर काही नव्हतं. पुढे गावातल्या लोकांनी भिंत बांधली, ती पुन्हा कुणाला तसं जावं लागू नये म्हणून. ताई, क्लेमसाठी काही बांधलं गेलं असेल तर ती भिंत आहे, आणि तिला आपणच पोखरतोय. मी हे चांगल्या शब्दांत मांडू शकत नाही, मी पडलो काँक्रीटवाला.

यापुढे झाडाचा विषय काढणार नाही. एवढं बरणीचं मात्र कर.

इथे थंडी मरणाची आहे. मफलर विणून पाठवशील असं पूर्वी वाटलं असतं, आता आशा सोडली आहे. तरी माया तुटू नये.

मर्व्ह

---

बेरिंबा
२४ ऑगस्ट १९९७

चि. मर्व्हिन यास,

अ. उ. आ. पुन्हा सुरू केले आहेत. कारण खाली कळेल.

ऑगस्टात इथे कधी पाऊस पडत नाही, पण या खेपेला आभाळ फाटलं. दोन दिवस नुसती झोड. ओढा फुगला, धरणात पाणी चढलं, फुटबॉलचे खांब निम्मे बुडाले. मोठा पूर नव्हता, लोक छत्र्या घेऊन बघायला गेले, इतकंच. मी गमबूट चढवले, चटणीच्या दोन रिकाम्या बरण्या घेतल्या आणि निघाले. तुला तोंडावर पाडायचंच असं ठरवून निघाले होते, हे लपवत नाही.

भिंतीच्या पायथ्याशी ती अँथिया आधीच उभी! पावसात एकटी, डोक्यावरून पाणी निथळतंय. मी तिला सांगितलं की तू आणि माझा भाऊ दोघंही खोटारडे आहात हे सिद्ध करायला आले आहे. तिला हसू आलं. म्हणाली, बरं झालं आलात, माझ्याकडे चहा आहे आणि प्यायला सोबत नव्हती. थर्मासातला चहा इतका कडू होता की मला तिची दया आली. तिची आजी म्हणे ग्रीसहून आल्यापासून असाच करते.

मग आम्ही दोघी वाकून बघत गेलो. क्लेमच्या झाडाखाली गवत ओलं होतं, थोडं पाणी ओघळत होतं. एक बरणी तिथे भरली. आयरिसच्या वठलेल्या वॉटलखाली मात्र बोटाएवढी धार लागली होती, नुसती वाहत होती, तीही पिवळट. दुसरी बरणी तिथली. दोन्ही घरी आणून खिडकीत ठेवल्या. क्लेमची बरणी नितळ राहिली. आयरिसच्या बरणीत तळाला चांगला जाड गाळ बसला. मर्व्ह, मी त्या बरणीकडे बघत ओट्याशीच उभी राहिले. ती माती माझ्या डोक्यावरच्या भिंतीतली होती.

आयरिसला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, बरणी धुतली नसशील नीट. मग खुर्चीत बसली आणि खूप रडली. तिला वाटलं आपल्या आईच्या झाडानं घात केला. मी तिला म्हटलं, झाडाचा काय दोष, आपणच नको तिथे लावलं.

पण माझी बरणी नितळ आहे, मर्व्ह! क्लेमचा गुलमोहर जिवंत आहे, त्याची मुळं कुजलेली नाहीत. मी अँथियाला विचारलं, हे एक झाड ठेवता येणार नाही का.  ती म्हणाली, ते तुमच्या भावाला विचारा. म्हणून विचारते. आणि तेही जमत नसेल तर एवढं तरी करा, या वर्षी शेवटचं फुलू द्या. नोव्हेंबरात फुलेल, नाताळ झाला की तोडा. मी आडवी येणार नाही.

हेदरला सांग, स्कोनची कृती मागच्या पानावर आहे. भोपळा उकडून आधी नीट गार करायचा.

माझं मन राख एवढंच मागणं.

तुझी ताई

---

लॉन्सेस्टन
१ सप्टेंबर १९९७

ती. ताईस,

सा. न. वि. वि. पत्र मी हेदरला मोठ्यानं वाचून दाखवलं. पावसात गमबूट घालून पायथ्याशी जाणारी माझी बहीण! तुला अभियंता करायला हवं होतं, मला शिवणकामाला बसवलं असतं तरी चाललं असतं.

आता उत्तर. मी आज सकाळी अँथियाला फोन केला. अर्धा तास बोललो, कारण मला कुठून तरी तुझ्या मनासारखं उत्तर काढायचं होतं. निघालं नाही. क्लेमचं झाड आज जिवंत आहे, पण भिंतीपेक्षा जास्त काही जगणार नाही, आणि ते वठेल तेव्हा तुझ्यामाझ्यापैकी बरणी घेऊन जायला कुणी नसेल.

नाताळापर्यंत थांबणंही जमणार नाही. नुसतं झाड कापून भागत नाही. बुंधा आणि मुळं खणून काढायची, तो खड्डा चिकणमातीनं थराथरानं भरून दाबायचा, आणि हे प्रत्येक झाडापाशी. आत्ता सुरू केलं तर डिसेंबरात पावसाआधी उरकेल. फुलं बघून सुरू केलं तर ऐन पावसाळ्यात भिंत उघडी पडेल. आणि तू तुझं झाड मागे ठेवलंस तर बाकीचे कशाला देतील? सगळे तुझ्या तोंडाकडे बघतात असं तूच लिहिलंस.

तू हो म्हणायचं की नाही ते तू ठरव. पण तू एकटीनं तिथे उभं राहायचं नाही. मी एकवीस तारखेच्या विमानाचं तिकीट काढलंय. तू नाही म्हणालीस तरी येतो, मग आपण दोघं मिळून अँथियाचा तो कडू चहा पिऊ. हेदरनं फळांचा केक केलाय, तो माझ्यापेक्षा जड आहे.

भेटीत राहिलेलं भांडण पुरं करू.

मर्व्ह

---

बेरिंबा
२० ऑक्टोबर १९९७

चि. मर्व्हिन यास,

अ. उ. आ. तू गेल्यापासून घर खायला उठतं. तुझ्या खोलीत एक मोजा सापडलाय. एकच. दुसरा कुठे आहे ते देव जाणे.

तू इथे होतास म्हणून मला ते बोलता आलं, हे तोंडावर सांगायचं राहिलं. बैठकीत मी उभी राहिले तेव्हा मला वाटलं शब्दच फुटणार नाही. तू मागच्या खुर्चीत खोकलास, तोच तुझा लहानपणापासूनचा खोटा खोकला, आणि मी बोलून गेले की पहिलं झाड क्लेमचं तोडा. नंतर आयरिस उठली, मग बाकीचे. झाड पडलं तेव्हा रडलास तू, आणि लोक रुमाल मला देत होते! अजून लोक भेटले की विचारतात, भाऊ बरे आहेत ना.

तुला बघायला मिळालं नाही ते सांगते. तू गेल्यावर दुसऱ्या आठवड्यात अँथियानं मला बोलावून नेलं. क्लेमच्या झाडाचा खड्डा पुरता खणून झाला होता. तिनं बोट केलं तिकडे बघितलं. माझ्या दंडाएवढं एक मूळ भिंतीच्या या अंगापासून पार पाण्याकडच्या अंगापर्यंत गेलं होतं. जिवंत होतं, ठणठणीत. पाण्याच्या ओढीनं गेलं असणार बिचारं. मी खड्ड्याच्या काठावर उभी राहून क्लेमला म्हटलं, चुकलं रे आपलं, प्रेमानं केलं पण चुकलं. अँथिया दुसरीकडे बघत राहिली. पोर चांगली आहे. रविवारी जेवायला बोलावलंय, गॅव्हिन तिला पत्त्यांत हरवणार म्हणतो.

आता भिंतीवर एकही झाड उरलं नाही, न्हाव्याकडून आल्यासारखी दिसते; खड्डे भरायचं काम मात्र डिसेंबरापर्यंत चालेल. नगरपालिकेनं पलीकडच्या टेकाडावर सगळ्यांना नवी झाडं दिली. जमीन पक्की आहे, धरणापासून लांब आहे. आयरिसनं वॉटल लावलं आणि रोज जाऊन त्याच्याशी बोलते. मी नाही लावलं काही. माझी जागा राखून ठेवली आहे म्हणतात. मला अजून मन होत नाही, आणि होईल असं खोटं सांगणार नाही. पुढच्या महिन्यात ओट्याशी उभी राहिले की समोर नुसतं आभाळ दिसेल. बघू.

हेदरला सांग, केक संपला. अर्धा गॅव्हिननं खाल्ला.

तब्येत सांभाळ, आणि बहिणीला विसरू नको.

तुझी ताई

---

लॉन्सेस्टन
२ फेब्रुवारी १९९८

ती. ताईस,

सा. न. घाईत आहे. रेडिओवर बेरिंबाचं नाव ऐकलं. किनाऱ्यावरचं वादळ विरलं, पण पाऊस आत सरकून तुमच्या डोक्यावर बसलाय असं सांगतात. फोन लागत नाही, लाइनी पडल्या असाव्यात. अँथियाच्या कचेरीतही कुणी उचलत नाही. म्हणजे ती भिंतीवर असणार, आणि ते चांगलंच आहे असं मी हेदरला सकाळपासून समजावतोय. ती म्हणते, मला नाही, तू स्वतःला समजावतोयस.

भिंत नीट भरली आहे. प्रत्येक थर कसा दाबला ते अँथियानं मला लिहून कळवलं होतं. सांडवाही मोकळा आहे. तरी माझा जीव टांगणीला लागलाय. हे मिळालं की दोन ओळी टाक. भांडणाच्या असल्या तरी चालतील.

तुझा,
मर्व्ह

---

बेरिंबा
९ फेब्रुवारी १९९८

चि. मर्व्हिन यास,

अ. उ. आ. आम्ही सगळे धडधाकट आहोत. आधी हे वाच, मग चहा घे, मग पुढचं वाच.

फोन अजून बंद आहे. पाऊस रविवारी सुरू झाला तो सोमवारभर. त्या वर्षीपेक्षा जास्त झाला असं रेडिओवर सांगितलं. धरण भरलं. मैदान, खांब, पोरांची छपरी, सगळं पाण्याखाली गेलं आणि पाणी सांडव्याच्या तोंडाशी येऊन थांबलं. खाली ओढ्यात मोरीतून सुटेल तेवढंच पाणी, काठोकाठ पण काठाच्या आत. आमच्या गल्लीत पायपुसणंसुद्धा भिजलं नाही. अँथिया पायथ्याशी फेऱ्या मारत होती. आता सगळं गवत, झाडझाडोरा काही नाही, त्यामुळे तिला वीत न वीत जमीन दिसत होती. दोन ठिकाणी पाझर होता आणि दोन्हीकडे नितळ. हे तिनं मला स्वतः येऊन सांगितलं. चिखलानं इतकी माखली होती की मी तिला पायरीवरच बसवून सूप दिलं.

पण मला सांगायचंय ते दुसरंच. सोमवारी भल्या सकाळी गॅव्हिनला पथकाचं बोलावणं आलं. मी रोवेनाकडेच होते. त्यानं उभ्या उभ्या टोस्ट खाल्ला, केशरी डगला चढवला आणि दार लावून गेला. मर्व्ह, मला तो टोस्ट बघवेना. रोवेनानं इस्त्री काढली. दोघींनी मिळून घरातले सगळे कपडे इस्त्री केले. चादरी केल्या, रुमाल केले, फडकी केली. उरलं काही नाही तेव्हा रोवेनानं केलेलेच पुन्हा करायला घेतले. माझ्या मनात काय चाललं होतं ते तुला सांगायला नको.

संध्याकाळी जेवायच्या वेळेला दार वाजलं. गॅव्हिन आला. बूट कोरडे, डगल्याला एक डाग नाही, आणि तोंड हे एवढं फुगलेलं. म्हणाला, दिवसभर शेडमध्ये बसवून ठेवलं, वाळूची पोती भरली ती तशीच पडून आहेत, कुणाला न्यायला लागलं नाही, कुणाचं दार ठोठवायला लागलं नाही. पत्ते खेळून खेळून जीव नकोसा झाला, त्यातही हरलो. एवढा पूर आला आणि आमच्या वाट्याला काही कामच नाही! असं म्हणून खुर्चीत धपकन बसला आणि जेवायला काय आहे ते विचारलं.

मला हसू फुटलं. मग आवरेना. मग हसता हसता रडू आलं आणि तेही आवरेना. तो बिचारा घाबरला, त्याला वाटलं आपलं काही चुकलं. रोवेनानं त्याला खुणेनं गप्प बसवलं आणि माझा हात धरून ठेवला. मग मी उठून त्याला वाढलं. दोनदा वाढलं. तो पोटभर जेवला आणि खुर्चीतच झोपून गेला, तोंड उघडं टाकून. मी तिथेच बसून त्याच्याकडे किती तरी वेळ बघत राहिले. एवढी वर्षं लोक मला सांगतात की क्लेम शूर होता, त्यानं किती जणांना वाचवलं. असेल. पण मला तो शूर नको होता रे. मला तो असाच, वैतागून, कुरकुरत, भुकेला होऊन घरी यायला हवा होता.

हेदरला प्रेम. माझा तुझ्यावरचा लोभ कधी कमी झाला नव्हता, हे आता लिहून देते.

तुझी ताई,
नोला